हात बसल्यावर

आमच्या वेळी नर्सिंगला प्रवेश घेऊन सहा महिने झाले की दिवे लावण्याचा समारंभ व्हायचा. कडक इस्त्रीचे पांढरे गणवेश घातलेल्या आम्ही चाळीस मुली, प्रत्येकीच्या एका हातात पणती आणि खिडकीतून वारा आला की दुसऱ्या हाताचा आडोसा. मेट्रनबाई इंग्रजीतून शपथ सांगायच्या, आम्ही मागून म्हणायचो. ती शपथ नाइटिंगेलबाईंच्या नावाने ओळखली जाते, पण लिहिली दुसऱ्यांनीच, १८९३ साली अमेरिकेत. तेव्हा अर्थ कळला होता असं काही म्हणवत नाही. सगळं लक्ष पणतीतलं तेल गणवेशावर सांडू नये याकडे. त्या शपथेत एक वाक्य आहे : घातक औषध मी स्वतः घेणार नाही आणि जाणूनबुजून दुसऱ्याला देणार नाही.

त्यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द मला पुढे सोळा वर्षांनी ऐकू आला.

२००६ चा जुलै. तालुक्याच्या गावातलं रुग्णालय, पुरुषांचा वॉर्ड, माझी रात्रपाळी. खाटा अठ्ठावीस, पेशंट चौतीस, म्हणजे सहा जणांच्या गाद्या जमिनीवर. बाहेर मुसळधार पाऊस आणि आत ताप, जुलाब, दमा, जे पावसाळ्यात असतं ते सगळं. माझ्या मदतीला एक मावशी आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. मुलगी इतकी अबोल की संध्याकाळपासून तिचा आवाज मी एकदाच ऐकला होता, ‘हजेरी कुठे लावायची?’ एवढाच.

रात्री दोनची इंजेक्शनं भरत होते. या कामात माझा हात किती बसला होता ते सांगायला हवं, कारण मला त्याचा गर्व होता. अँप्यूलला, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीला, टिचकी मारून वर अडकलेलं औषध खाली आणायचं, मानेवर कटर फिरवायचा, टक् करून मान मोडायची, सुई आत, दट्ट्या मागे. हे हाताने चालू असताना तोंडाने मी मावशींना सांगत होते की सात नंबरची चादर ओली आहे आणि बारा नंबरच्या नातेवाइकाला खाटेवरून उठवा, तो पेशंटच्या पायाशी घोरतोय. नव्या मुली माझ्या हाताकडे बघत राहायच्या. बघू देत, मला आवडायचं.

एकवीस नंबरला न्यूमोनियाचे एक आजोबा होते. त्यांचं अँटिबायोटिक पावडरच्या रूपात येतं. इंजेक्शनच्या पाण्याची अँप्यूल फोडायची, ते पाणी पावडरच्या बाटलीत सोडायचं, हलवायचं आणि सलाईनच्या नळीतून हळूहळू द्यायचं. अँप्यूल फोडली, दहा मिली सिरिंजमध्ये ओढून घेतलं, सुई बाटलीच्या रबरी बुचाशी नेली.

“सिस्टर, ह्याच्यावर पोटॅशियम लिहिलंय.”

मी तिला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “तुला काय कळतंय? गप उभी राहा.” ती गप्प राहिली, पण जागची हलली नाही. ट्रेमध्ये टाकलेली फुटकी अँप्यूल तिने चिमटीत धरून ट्यूबलाइटच्या उजेडात नेली होती आणि तशीच धरून ठेवली होती. मग मी बघितलं.

पोटॅशियम क्लोराइड. तेही दहा मिलीचंच, तेही पाण्यासारखंच दिसणारं. जुलाबाने शरीरातलं पोटॅशियम कमी झालेल्या माणसाला ते सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने द्यायचं असतं. तसंच, न मिसळता, थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. संध्याकाळच्या पाळीत कुणीतरी उरलेल्या अँप्यूल पाण्याच्या खणात ठेवून दिल्या होत्या. आणि मी अँप्यूल वाचून उचललीच नव्हती, खण बघून उचलली होती.

सकाळी आजोबांनी चहा मागितला, साखर जरा जास्त टाका म्हणाले. पुढे चार दिवसांनी उशाखालची तंबाखूची पुडी घेऊन चालत घरी गेले. त्यांना काही कळलं नाही.

त्या रात्री मी दमलेली नव्हते, झोपाळलेली नव्हते. आळशी तर मला सासूबाईसुद्धा म्हणाल्या नाहीत. मग हे झालं कसं? एकदा मी हिशेब मांडून बघितला. रोजची तीस इंजेक्शनं आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले तरी सोळा वर्षांत लाखाच्या वर जातात. त्या लाखात काहीच बिघडलं नव्हतं. सुरुवातीला मी प्रत्येक लेबल वाचायचे. मग घाईच्या दिवशी वाचायचं राहिलं आणि काही झालं नाही. मग घाई नसतानाही राहिलं, तरी काही झालं नाही. दर वेळी काही न होण्याने माझ्या हाताला एकच धडा मिळत गेला की वाचलं नाही तरी चालतं. चुकीची पद्धत बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते, हाच सगळा घोटाळा आहे. दर चार दिवसांनी तिने दगा दिला असता तर मी पाचव्या दिवशीच सुधारले असते.

आपल्याकडे ‘हात बसणे’ हे कौतुकाने म्हणतात. पोळ्यांना हात बसतो, पेटीवर बसतो, शिवणाला बसतो. हात बसला की डोळे मोकळे होतात आणि मोकळे झालेले डोळे भटकायला जातात. पोळीच्या बाबतीत फार तर पोळी करपते.

गंमत म्हणजे औषध देण्याचे पाच नियम मला तेव्हाही तोंडपाठ होते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. लेबल तीनदा वाचायचं, उचलताना, भरताना आणि टाकताना. तोंडी परीक्षेत मी हे घडाघडा सांगितलं होतं आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मान डोलावली होती. विद्यार्थिनींना मी हेच शिकवत होते. ज्या मुलीला गप्प बसवलं तिलाही मीच शिकवलं होतं, आदल्याच आठवड्यात.

पुढचे तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. उलट त्या पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बाहेर जाऊ देऊ नकोस.” हे लिहिताना अजून लाज वाटते, अँप्यूलपेक्षा या वाक्याची जास्त. तिसऱ्या दिवशी दुसरी एक सिस्टर त्याच खणात हात घालताना दिसली. तोंडाने ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. माझ्या पोटात गोळा आला आणि मी सरळ इनचार्ज सिस्टरांकडे गेले.

आमच्या इनचार्ज म्हणजे जमदग्नी. आता मेमो मिळणार, या तयारीने गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दाराला कडी लावली आणि स्वतःचा १९८८ सालचा किस्सा सांगितला. तोही औषधाचाच. त्यांचा पेशंटही नशिबाने वाचला होता. अठरा वर्षं त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. मग म्हणाल्या, “प्रत्येकीकडे असा एक असतो गं. कडी लावून सांगायचा.”

मला तेव्हा वाटलं, आपण सगळ्या निर्धास्त राहतो त्याला ही कडीही कारण आहे. प्रत्येकीला वाटतं, असं फक्त माझ्या हातून होता होता राहिलं, बाकीच्यांचं काम चोख आहे. मग खण तसाच राहतो.

त्याच दिवशी पोटॅशियमच्या अँप्यूल ट्रेमधून उठल्या आणि कुलपाच्या कपाटात, लाल चिकटपट्टी लावलेल्या डब्यात गेल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. असली तीव्र द्रावणं आवाक्यात ठेवू नका, हा त्यातला एक. आमच्या बाईंनी तो एक कुलूप आणि दहा रुपयांची चिकटपट्टी यांत आधीच उरकला होता.

यानंतर मी जी झाले ते आठवून हसू येतं. मी सुधारक झाले. येता-जाता मुलींना धरायचे, “वाचलंस का? दाखव. परत वाच.” भिंतीवर हाताने रंगवलेला तक्ता लावला. महिन्याभरात त्याच खिळ्यावर कुणीतरी औषध कंपनीचं कॅलेंडर अडकवलं आणि माझा तक्ता त्याच्यामागे गेला. मी वॉर्डात शिरले की सगळ्या लेबलं वाचायच्या, मी वळले की थांबायच्या. म्हणजे मी गाफीलपणा कमी केला नव्हता, फक्त माझ्या नजरेआड हलवला होता. ‘सावधान’ असं नुसतं ओरडून माणसं सावध होत असती तर आपल्या लग्नांतून काय झालं असतं विचार करा. पाच-सहा मंगलाष्टकं होतात, प्रत्येकाच्या शेवटी ‘सावधान’ होतं आणि लोक अक्षता टाकून जेवणाच्या पंगतीकडे बघत असतात. तो शब्द ऐकून खरोखर सावध झालेला एकच नवरदेव आपल्याला माहीत आहे, आणि ते समर्थ मांडवातून पळाले, अशी कथा आहे.

याच सुमारास मी सेमेलवाइस या डॉक्टरांबद्दल पुन्हा वाचलं. नर्सिंगच्या पुस्तकात हात धुण्याच्या धड्यात ते दोन ओळींत येऊन जातात. खरी गोष्ट त्या दोन ओळींच्या बाहेर आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करायचे, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरा बायका दगावत होत्या, दुसऱ्यात तीनहूनही कमी. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात नको म्हणून त्या हातापाया पडायच्या. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे जातात, हे सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं आणि १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ मध्ये पहिल्या विभागातला आकडा शंभराला एकीच्या आसपास आला.

एवढं झाल्यावर साऱ्या युरोपने हात धुवायला हवे होते. धुतले नाहीत. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की हात धुवायचे म्हणजे आजवर गेलेल्या बायका आपल्याच हातांनी गेल्या हे कबूल करायचं. कुठल्या नावाजलेल्या प्राध्यापकाच्या घशाखाली ते उतरणार? पुढे सेमेलवाइस यांनी खुली पत्रं लिहून विरोधकांना खुनी म्हटलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याने एकही हात धुतला गेला नसावा. १८६५ मध्ये ते वेड्यांच्या इस्पितळात वारले. मी ते पान मिटलं तेव्हा मला आमच्या वॉर्डातलं कॅलेंडर आठवलं.

मग एका सकाळी पाळी बदलताना, रात्रीच्या आणि सकाळच्या मिळून आठ जणी आणि एक ब्रदर उभे असताना, मी माझी पोटॅशियमची गोष्ट सांगून टाकली. कडी न लावता. त्या पोरीला काय म्हणाले तेही सांगितलं. कुणी काही बोललं नाही. बाहेर जेवणाच्या ट्रॉलीची चाकं वाजत होती. मग तो ब्रदर खाली बघत म्हणाला, “माझं इन्सुलिनचं झालं होतं. युनिट आणि मिलीचा घोळ.” त्यानंतर एकीने रक्ताच्या पिशवीचं सांगितलं. त्या दिवशी ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवायला, पाऊण तास लागला आणि डॉक्टरांचा राउंड आमच्यासाठी थांबला, जे आधी किंवा नंतर कधी झालं नाही.

तेव्हापासून एक रिवाज पडला. इंजेक्शन भरताना लेबल मोठ्याने वाचायचं आणि पाळीतली सगळ्यात नवी मुलगी शेजारी उभी राहणार. सिस्टरने वाचलं नाही तर तिने म्हणायचं, “सिस्टर, वाचा.” तिने अडवलं की सिस्टरने म्हणायचं, “बरं झालं सांगितलंस.” तिचं चुकलं असलं तरी हेच म्हणायचं. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. हातात काम, खाटेवर कण्हणारा माणूस, आणि काल आलेली पोरगी आपल्याला वाचायला सांगते. पहिले कित्येक दिवस ‘बरं झालं’ म्हणताना माझे दात आवळलेले असायचे.

पुढे दोन वर्षं मी ऑपरेशन थिएटरला होते. तिथे जागतिक आरोग्य संघटनेची यादी येऊन पोचली होती. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंटला थिएटरबाहेर नेण्याआधी थांबून विचारायचे एकूण १९ मुद्दे. ती ज्यांच्या पुढाकाराने झाली ते डॉ. अतुल गवांदे, त्यांचे वडील विदर्भातल्या एका खेड्यातून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं, हे २००९ च्या जानेवारीत छापून आलं. आमचे सर्जन मात्र पहिल्या दिवशी हातमोजे चढवत म्हणाले, “काय सिस्टर, विमान उडवायचंय का?”

सर थट्टा करत होते, पण यादीचं मूळ विमानातच आहे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत बोइंगच्या एका नव्या बाँबर विमानाची लष्करासमोर चाचणी होती. विमान वर चढलं, कलंडलं आणि कोसळलं. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून जे कुलूप असतं, ते काढायचंच राहिलं होतं. चालवणारे मेजर हिल शिकाऊ नव्हते, चाचण्या घेणारे मुरलेले वैमानिक होते. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणाआधीची यादी आली. मी सरांना हे सांगितलं. “बरं, वाचा,” म्हणाले. दोन-तीन महिन्यांनी एकदा घाईत मीच यादी विसरले तर सुरी हातात घेऊन थांबले, “आज विमान नाही का?”

इथे थांबले असते तर ही गोष्ट सरळ झाली असती. पण २०१४ साली मी पुन्हा पुरुषांच्या वॉर्डात होते आणि त्या आठवड्यात वॉर्डात तीन पाटील होते. (आमच्या भागात तीन म्हणजे कमीच.) दुपारचं इन्सुलिन घेऊन गेले. लेबल मोठ्याने वाचलं. युनिट मोठ्याने वाचले. खाटेशी जाऊन म्हटलं, “पाटील ना?” त्यांनी मान हलवली. मी सदऱ्याची बाही वर सारली तेवढ्यात त्यांची सून डबा घेऊन आली. “अहो सिस्टर, हे कशाचं? मामंजींना शुगर नाही.”

सगळं वाचलं होतं. अगदी खणखणीत आवाजात. पण वाचत होतं ते तोंड, मी त्यात नव्हते. आठ वर्षांत तेही बसलं होतं, हातासारखंच.

माझा दीर रेल्वेत लोको पायलट आहे. गाडी चालवताना तो आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, तसा नियमच आहे. त्याला ही पाटलांची गोष्ट सांगितली तर म्हणाला, “वहिनी, मी झोपेतसुद्धा ‘हिरवा’ म्हणू शकतो. समोरच्याने परत म्हणायचं असतं ना, ते तो सिग्नल बघून म्हणतोय की माझं ऐकून, यावर सगळं आहे.”

मग मी पेशंटना ‘पाटील ना?’ विचारणं बंद केलं. तापात, गुंगीत, कमी ऐकू येणारा माणूस सिस्टरच्या कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, आदर म्हणून म्हणतो. त्यामुळे ‘हो’ म्हणून भागणार नाही असंच विचारायचं. नाव काय तुमचं? पूर्ण सांगा. गाव कुठलं? मुलींना हे शिकवायला मला फार दिवस लागले नाहीत. स्वतःला अधूनमधून परत शिकवावं लागायचं. एखाद्या संथ दुपारी कानावर आपलाच आवाज यायचा, “शिंदे ना?” आणि मी जीभ चावायचे. कधी चावायला विसरलेही असेन.

२०२१ ला निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मोतिबिंदू काढायला गेले. खाटेवर मी पेशंटच्या बाजूला, मनगटात पट्टी, उजव्या भुवईच्या वर पेनाने काढलेला बाण. एक तरुण सिस्टर दर दहा मिनिटांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालायला यायची. दर वेळी तेच. “आजी, नाव सांगा. कुठला डोळा?” चौथ्या वेळी माझा पारा चढला. “अगं, बाण काढलाय की कपाळावर. दिसत नाही का?”

“दिसतोय,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा.”

“उजवा,” मी म्हटलं. थेंब डोळ्यात गार गेला. शिकवलेलं दिसतंय कुणीतरी, असं वाटून मला मनातून बरंही वाटलं.

पाचव्या वेळी ती दुसऱ्या पेशंटकडे होती. दुसरीच कुणीतरी घाईघाईने आली, बाटली हलवत, मागे वळून कुणाशी तरी बोलत. “उजवाच ना, आजी?”

आणि माझी मान आपोआप हलली.